पाटी नसलेली जागा

सोमवार, ३ मार्च
आज काय झालं:
१. हॉस्पिटलच्या चार लिफ्टची तपासणी सुरू केली.
२. साहेबांनी फोनवर विचारलं, याच गावात दोन वर्षं राहशील का. उत्तर २० तारखेपर्यंत हवं.
३. विचार करते म्हटलं.
४. हॉटेलच्या खोलीत जेवले. सोबतीला टीव्ही, आवाज बंद.

मागच्या गावात दीड वर्ष काढलं. मी गाव सोडतेय हे फक्त इस्त्रीवाल्याला कळलं, तेही माझे दोन शर्ट त्याच्याकडे राहिले होते म्हणून. तक्रार नाही, नोंद आहे.

ठराव: इथली माणसं संध्याकाळी जिथे बसतात अशी जागा शोधायची. सापडली तर साहेबांना हो कळवायचं. एकटं वाटतं म्हणून नाही. निर्णयाला काहीतरी निकष लागतो.

मंगळवार, ४ मार्च
एक कॅफे. पाटीवर ‘गावकऱ्यांची आवडती जागा’. आत सगळ्यांच्या पाठीवर सॅक. दोघांनी मलाच रस्ता विचारला.
मग एक बार. आत गेले तशी सगळ्यांची बोलणी थांबली. लिंबू सोडा संपवून निघाले, तर दार लागायच्या आत पुन्हा सुरू झाली.
पाय दुखतायत. नवे निकष: पाटी नको, मेनू नको, कप एकमेकांशी जुळता कामा नयेत.

गुरुवार, ६ मार्च
सापडली. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग. गर्दीचं याहून चांगलं मोजमाप नाही. दिवाणावर एक आजोबा, पाय प्लास्टरमध्ये. नेहमीचं गिऱ्हाईक असणार, त्यांच्यासाठी दिवाण राखून ठेवलाय. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. न सांगता चहा आला. कपाचा कान तुटलेला.
किती झाले विचारलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, राहू द्या हो. म्हणजे महिन्याचं खातं असतं.

शुक्रवार, ७ मार्च
वातावरण अगदी घरगुती ठेवलंय. एक मुलगी जमिनीवर बसून गृहपाठ करत होती, खुर्चीच्या पाठीवर मोजे वाळत होते. मोठ्या शहरात अशा सजावटीला डिझायनर लागतो.
सर्व्हिस मात्र ढिली. चष्मेवाल्या वेटरला टेबल पुसायला सांगितलं. त्याने आधी मालकीणबाईंकडे पाहिलं, मग पुसलं. नवीन असेल.

सोमवार, १० मार्च
चहात साखर फार. मालकीणबाईंना स्पष्ट सांगितलं. ग्राहक बोलला तरच जागा सुधारते. आजोबा हसले. म्हणाले, बरं झालं कोणीतरी बोललं, मी चाळीस वर्षं गप्प बसलोय. इतकं निष्ठावान गिऱ्हाईक मी कुठे पाहिलं नाही.
मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली आणि विचारलं, लिफ्ट मधेच अडकली तर काय करायचं. सांगितलं: दार ओढायचं नाही, घंटेचं बटण दाबायचं, कोणीतरी येतं. म्हणाले, येतंच का? म्हटलं, येतं.
खोलीवर परतायला उशीर झाला. चपला शोधण्यात वेळ गेला असावा.

बुधवार, १२ मार्च
साहेब शनिवारी पाहणीला येतायत. त्यांना म्हटलं, उत्तर बहुधा हो आहे, आणि तुम्हाला इथली खरी जागा दाखवते. बाहेरच्यांना ती सापडत नाही.

शनिवार, १५ मार्च
चहा झाल्यावर साहेबांनी चष्मेवाल्याकडे बिल मागितलं.
त्याने पुन्हा मालकीणबाईंकडे पाहिलं.
“बिल कसलं?” मालकीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “अगं, तू आमच्या सुनेच्या ऑफिसातली ना?”
सून म्हणाली, तिला मी नणंदेची मैत्रीण वाटले होते. नणंदेला वाटलं, मला हॉस्पिटलने बाबांचा पाय बघायला पाठवलंय. मी पायाकडे बघत का नाही, एवढंच तिला कळत नव्हतं. चष्मेवाला तिचा नवरा. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला.
आजोबा जिन्यावरून पडल्यापासून माणसं त्यांना भेटायला येत होती. मीही येत होते.
माफ करा म्हटलं आणि निघाले. साहेब गल्ली संपेपर्यंत हसत होते. हॉटेलवर आल्यावर दिसलं, एक चप्पल दुसऱ्याच कोणाची आहे.

रविवार, १६ मार्च
खोलीत जेवले. टीव्हीचा आवाज चालू ठेवला.
साहेबांना काही कळवलेलं नाही, २० तारखेपर्यंत मुदत आहे. चप्पल परत करायलाच हवी, तेवढ्यासाठी चिठ्ठी लिहिली. उद्या कामावर जाता जाता दाराच्या फटीतून सरकवायची. दार उघडंच असतं, ही अडचण आहे. मजकूर असा:

“सप्रेम नमस्कार. मी लिफ्ट तपासणारी. सुनेच्या ऑफिसातली नाही, नणंदेची मैत्रीण नाही, हॉस्पिटलने पाठवलेलीही नाही. तुमच्यापैकी कोणाचीच नाही. जावईबापूंची माफी मागते. सोबत एक चप्पल ठेवली आहे, माझी तुमच्याकडे असेल. ती घ्यायला गुरुवारी संध्याकाळी आले तर थोडा वेळ बसले तरी चालेल का? साखर कितीही चालेल. कृपया बुधवार, १९ तारखेपर्यंत कळवावं.”