सोयाशिवायच्या नूडल्स

शनिवार, ८ जून

फजिती! अख्ख्या कढईभर नूडल्स फेकून द्याव्या लागल्या.

नवऱ्याची लेक, त्याच्या पहिल्या लग्नाची, दहा वर्षांची. दर शनिवारी आमच्याकडे राहायला येते. आली की एकच मागणी – हॉटेलातल्यासारख्या काळपट, चकचकीत नूडल्स. आणि तिला सोया चालत नाही. म्हणजे नखरे नव्हेत – पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास अडकतो. तेलाच्या पिशवीपासून सगळं मागची अक्षरं वाचूनच घरात येतं.

आज रंगासाठी साखर जाळली. एक घास घेतला आणि म्हणाली, "मावशी, हे गोड लागतंय. रंग दिल्यासारखं."

"आई कशा करते?"

"आई करतच नाही. तिला भीती वाटते."

शेवटी उकडलेली अंडी खाऊन झोपली. तिच्या आईने जे केलं नाही ते मला जमलं तर! – लिहिताना लाज वाटतेय, पण मनात आलं खरं.

गुरुवार, १३ जून

सुकवलेले मशरूम गरम पाण्यात भिजत घातले. पाणी काळंशार झालं! त्यात मीठ, ठेचलेला लसूण, व्हिनेगर, जळक्या साखरेचा जेमतेम थेंब. आटवलं. नवऱ्याने बोट बुडवून चाटलं.

"अगं, हा सोया सॉसच की!"

"नाहीये."

"मग घातलंस तरी काय?"

सांगितलं नाही. खाल्ला थोडा भाव.

शनिवार, १५ जून

पास! दोनदा मागून घेतल्या. तोंडात घास कोंबलेला, तरी – "मावशी, तुझ्या हाताला चव आहे हं!" बापाचं वाक्य उचललंय कार्टीने. तरी दिवसभर मी हवेत.

शनिवार, २२ जून



सगळं तसंच केलं होतं. जरा तिखट हवं म्हणाली, म्हणून मिरचीचा सॉस घातला. जुनी बाटली संपलेली, नवी फोडली. दुसऱ्या घासाला ओठ खाजवू लागली. बघता बघता ओठ टम्म! "मावशी, घसा –" पुढे बोलताच येईना. इंजेक्शन तिच्या दप्तरात असतंच. नवऱ्याने तिला घट्ट धरलं, मी मांडीत टोचलं. गाडीत सारखं "श्वास घे, श्वास घे" म्हणत होते. तिला की स्वतःला, कोण जाणे.

नंतर बाटली वाचली. त्याच नावाची, तसंच झाकण. जुनीत सोया नव्हता, नवीत आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेते मी! आणि हीच नेमकी वाचली नाही.

दवाखान्यात तिची आई धावत आली. मनाशी ठरवलं, बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं. ती आधी लेकीजवळ बसली. केस मागे सारले, नाडी पाहिली. मग माझ्याकडे वळून – "इंजेक्शन कोणी दिलं?"

"मी."

नुसती मान हलवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पोरगी ठीक आहे. आज तिथेच ठेवणार आहेत.

रविवार, २३ जून

घरी सोडलं. आईकडे गेली. मी कढई माळ्यावर टाकली.

शनिवार, २९ जून

आली नाही. कशी येईल? नवरा म्हणतो, "तुझी चूक नाही गं." मग कुणाची?

शनिवार, ६ जुलै

दारात दोघी! लेक पुढे, आई मागे.

"ही ऐकतच नाहीये," आई म्हणाली. "मावशीच्याच नूडल्स हव्यात. मी बाजूला उभी राहिले तर चालेल ना?"

नाही कसं म्हणणार? नवऱ्याने माळ्यावरून कढई काढून दिली. मी ओट्यावर एकेक वस्तू मांडली, मागची अक्षरं मोठ्याने वाचली. तिच्या आईनेही वाचली. मशरूमचं पाणी हुंगलं.

"असं काही करून बघायला मी कधी धजलेच नाही," म्हणाली.

म्हटलं, "लसूण सोलता?" सोलला तिने. माझ्यापेक्षा भराभर.

लेक जेवली. आम्ही दोघी तिच्या ओठांकडे टक लावून. काही झालं नाही! "काय बघताय अशा?" म्हणून ती हसत सुटली. मग आम्हीही.

जाताना तिच्या आईचे प्रश्नच प्रश्न. दुकानातून किती वाजता येता? रजा मिळते का? झोपेत खोकली तर तुम्हाला जाग येते? उलटतपासणीच! रागावणार होते – पण तिचा चेहरा फार दमलेला होता.

मंगळवार, ९ जुलै

तिच्या आईचा फोन. नवऱ्याला नाही, मला. म्हणाली, माझ्या छातीत गाठ निघालीय. सोमवारी ऑपरेशन, पुढे लांबलचक उपचार. "तोवर ती तुमच्याकडे राहील? तिला अजून सांगितलं नाही. सांगताना माझ्या शेजारी बसाल का?"

हो म्हटलं.