बाबांच्या गाडीला टर्बो

१४ सप्टेंबर, रविवार

विनूने शेवटी बॉनेट उघडलं.

बाबांची गाडी. सहा सिलिंडर, पेट्रोल, सहाही एका रांगेत. कन्हानच्या एका खाण अधिकाऱ्याकडून बाबांनी जुनीच घेतली होती. आम्ही दोघं भावंडं तेव्हा शाळेत. बाबा गेल्यावर मी त्यांची पुस्तकं मागितली, विनूने ही गाडी. दुसरं काही नको म्हणाला.

आता तिला टर्बो लावायचा आहे. नवा संच परवडत नाही. भंगारात निघालेल्या एका डिझेल जीपचा टर्बो कबाड्याकडून उचलून आणलाय.

आई दारातून : "चालते ना गाडी? मंग काहून खोलून राहिला गा?"

"दम नाही राहिला तिच्यात, आई."

"माह्यातही नाही राहिला. मलेही लाव एखादा."

१७ सप्टें., बुध.

मेश्राम मिस्त्री आले. कन्हानला त्यांचं गॅरेज. बाबांच्या वेळेपासून ही गाडी तेच पाहतात. बॉनेटखाली वाकून सगळं पाहिलं. मग म्हणाले, "विनूभाऊ, हे इंजिन फुटलं तर दुसरं भेटत नाही. नागपुरात नाही, रायपुरातही नाही. मंग गाडी नाही, पत्रा राहते."

विनूने किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

टर्बो नेमकं करतो काय, मी मिस्त्रींना विचारलं. इंजिन जो धूर बाहेर टाकतं त्यावर एक चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. एवढंच. टाकून दिलेल्या श्वासावर पुढचा श्वास.

कॉलेजात तिसरा तास. शिकवताना फळ्याकडे वळले आणि काय लिहायचं होतं तेच विसरले; डोक्यात ते चाक.

२१ सप्टें., रवि.

विनूचं लकडगंजचं प्लायवूडचं दुकान रविवारी बंद, म्हणून तो सकाळपासून कन्हानला. मीही गेले.

धुराच्या सहा वाटा एका तोंडाशी आणणारा लोखंडी तुकडा हवा. या इंजिनासाठी तो कुठेच तयार मिळत नाही. विनूने तो आधी लाकडात केला. दुकानातून प्लायचा तुकडा आणला, सहा भोकं पाडली. इंजिनाला लावायचा, काढायचा, कानशीने घासायचा, पुन्हा लावायचा. प्लाय विकणारा माणूस दुसरं काय करणार.

मिस्त्री तंबाखू मळत : "भाऊ इंजिनाले चौकट बसवून राहिले. आता दरवाजा कोन्ता लावता?"

ऊन उतरताना सहाही भोकं सहा भोकांवर एकदम बसली. मिस्त्रींनी प्लायवरून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. लोखंड आता यावरून कापायचं.

२८ सप्टें., रवि.

लोखंडी तुकडा बसला. हवा गार करायची जाळी भंगारातल्या ट्रकची. पुढचा पत्रा कापून आत सरकवली.

हवा किती कोंबायची यावर दोघांचा वाद. विनूला जास्त हवी. मिस्त्री म्हणाले, म्हाताऱ्या माणसाले जेवाचा आग्रह करतात, पण किती. थोडीच ठरली.

दसऱ्याला गॅरेज बंद. मिस्त्री घरच्या सगळ्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जाणार. टर्बो अगदी शेवटी बसवायचा. तोवर इथल्या धुळीत नको, घरी न्या म्हणाले. त्याच्या तोंडाला टेप लावून दिला.

२ ऑक्टोबर, दसरा

आईने वऱ्हांड्यात पाट मांडले. विळी, शिलाई मशीन, विनूचा पान्यांचा डबा, माझं पेन. सगळ्यांच्या शेवटी टर्बो.

पूजेआधी विनूने त्याचा टेप काढला. आईला म्हणाला, "फुंक मार." चुलीत मारतात तशी तिने मारली. चाक फिरलं. आवाज नाही. फुंक संपली तरी फिरत होतं. पाती दिसेनाशी झाली, नुसता एक उजेड राहिला. मग एकेक पातं परत आलं.

आई वाकून बघत राहिली. तिने पुन्हा फुंकलं. पुन्हा. मग हात जोडले. इतके दिवस ती याला 'ते भंगार' म्हणत होती.

विनू दुकानच्या पूजेला निघून गेला. आईने हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग अक्षता. नवरदेवावर टाकतात तशा, मूठभर. मी शेजारीच बसले होते. डोळे भरून पाहत होते.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर विनूने टर्बोचं कुंकू पुसलं, हसला, टेप परत लावला.

५ ऑक्टो., रवि.

टर्बो बसला. गाडी सुरू झाली. विनूने पाय दाबला, इंजिनाचा आवाज चढला, आणि आत कुठेतरी : टिक.

एकदाच.

बंद केली. मिस्त्रींनी नळी काढून टॉर्च मारला. चाकाच्या एका पात्याचं टोक वळलेलं. नखाच्या कडेएवढं. आतल्या भिंतीला तेलात लाल डाग. मिस्त्रींनी तो बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"कुंकू हाय."

मग तांदळाचा अर्धा दाणा निघाला. आईच्या अक्षता. उरलेला अर्धा पात्यावर आपटून फुटला होता.

मिस्त्री म्हणाले, चाक बदलता आलं तर बदला. नाही तर हे असंच वर्षानुवर्षं चालेल. किंवा तुटेल, आणि तुकडा इंजिनाकडे जाईल.

येताना स्कूटरवर, कन्हानचा पूल ओलांडल्यावर विनू म्हणाला : "ताई, आईले सांगू नको."

८ ऑक्टो., बुध.

जेवताना आईने विचारलं, बसलं का ते. विनू म्हणाला बसलं. सुरू झालं का? झालं.

"मंग! मी सांगत होती."

दुपारी ती शेजारच्या काकूंना सांगत होती की आधी चालत नव्हतं, दसऱ्याला अक्षता पडल्या आणि यंत्र जागं झालं. मी आत उत्तरपत्रिका तपासत होते. एक उत्तर तीनदा वाचलं.

१२ ऑक्टो., रवि.

कबाड्यांकडे तसं चाक नाही. विनू सगळीकडे फिरून आला.

मिस्त्रींनी वळलेलं टोक बारीक कानशीने साफ केलं. मग त्याच्या बरोबर समोरचं चांगलं पातं, तेही तेवढंच घासलं. तोल राहावा म्हणून. चांगल्याला कानस लावताना त्यांचा हात थांबला होता.

नळी जोडण्याआधी मी विचारून आत फुंकलं. फिरलं. तसंच. काहीच घडलं नसल्यासारखं.

"इंजिन तुमचं हाय, विनूभाऊ. तुम्ही ठरवा."

१८ ऑक्टो., शनि.

काल गाडी हळू चालवत घरी आणली. आज विनू एकटाच जोरात नेऊन बघणार होता. बाहेर येऊन पाहतो तर आई मागच्या सीटवर. पर्स मांडीवर.

"उतर ना वं आई," मी म्हटलं. "पहिल्यांदा त्याला एकट्याला जाऊ दे."

"मी नाही उतरत."

उतरली एकदाच. बॉनेटवर अक्षता टाकायला. विनूने टाकू दिल्या. मग मीही तिच्या शेजारी बसले.

कन्हानपर्यंत जपून. पुढे पारशिवनीचा रस्ता, दोन्हीकडे पिकत आलेला धान. समोर ट्रक. विनूने आरशात मागे पाहिलं, बाहेर काढली, दाबली.

क्षणभर काही नाही. मग पाठ सीटला चिकटली. ढकलणारं कुणी दिसत नाही. ट्रक बाजूने सरकला आणि नव्हताच. धानाचा पिवळा एक लांब पट्टा झाला. आईने माझं मनगट धरलं. या गाडीत इतकी वर्षं बसले. हिच्यात हे होतं?

विनूने पाय उचलला तेव्हा ऐकू आली. बारीक, उंच. दूरवर कुणी वाजवावी तशी.

"कोन शिट्टी वाजवून राहिलं गा?"

आरशात विनूचे डोळे, माझ्यावर. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं : चांगला टर्बोही शिट्टी वाजवतो. बिघडत आलेलाही. सुरुवातीला दोन्ही सारख्याच.

"आपलीच गाडी आहे, आई."

ती खिडकीकडे कान करून बसली. शिट्टी विरत गेली. रस्ता रिकामा होता.

"आनखी एकदा," आई म्हणाली.

विनूचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याने पाय दाबला.