बिनटाळांचं भजनी मंडळ

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

झालं! आमच्या भजनी मंडळाला आज चक्क भजनाचं आमंत्रण आलं!

दर मंगळवारी दुपारी माझ्याकडे बायका जमतात. घरी सांगून येतात, भजनाला चाललो. दुसरं काय सांगणार? तिथं मिरची लागल्यासारखी आग होते, धड बसवत नाही, नवरा जवळ आला की जीव जातो, ते बोलायला चाललो म्हणून? दार लावायचं, चहा टाकायचा आणि बोलायचं. कुणी मलमाचं सांगते, कुणी व्यायामाचं, कुणी नुसती रडते. सई डॉक्टरने आम्हाला त्याचं नाव सांगितलं, व्हल्व्होडायनिया. आम्ही 'ते दुखणं' म्हणतो. घरात टाळ एकसुद्धा नाही.

आणि आज कुंभारीची ऋतुजा आली ती पांढरीफटक. पोरीच्या लग्नाला दीड वर्षही नाही झालं. "काकू, मामंजींनी सत्यनारायण घातलाय की! म्हणत्यात, तुमचं मंडळ आण गायला. आन् मी व्हय म्हणून बसले!"

सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग जे हसत सुटलो! डोळ्यांतून पाणी आलं.

बुधवार, ८ जानेवारी

सई डॉक्टरचा फोन. तिला आपल्या भागातल्या बायकांचा अभ्यास करायचाय. हे दुखणं किती जणींना आहे, कशाने उतरतं, हे कुणी कधी मोजलेलंच नाही म्हणे. तिच्या मेडिकल कॉलेजची समिती म्हणते, असलं काही आपल्याकडे नसतंच. तीस तारखेला बैठक. एखाद्या बाईने समोर बसून स्वतःचं सांगितलं तरच काही आशा, नाहीतर प्रस्ताव केराच्या टोपलीत.

"काकू, तुम्ही याल?"

बघते म्हटलं. खरं तर मला कोण काय म्हणणार? बासष्ट वय, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पण गेलेला असला तरी मुकुंद मध्ये येतो ना!

शनिवार, ११ जानेवारी

होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहतायत. भाजी घेऊन येताना बघत उभी राहिले.

तो असताना कधी नाव घेतलं नाही. 'अहो' आणि 'हे'. आता या पानांवर सरळ मुकुंद म्हणते, वर अरे-तुरे! बघ म्हणावं, काय करतोस ते.

मला स्कूटरवर बसवायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्याच्या लक्षात आलं. मग आम्ही गड्ड्याला चालत जायचो, आणि हा स्कूटर हाताने ढकलत माझ्या बाजूने! का, तर घरातून दोघं गाडीवर निघालेले दिसायला हवेत. वाटेत ओळखीचं भेटलं की म्हणायचा, बंद पडली हो. लोक म्हणायचे, मुकुंदराव, विकून टाका ते धूड एकदाचं. पुढं गेल्यावर आम्ही दोघं हसायचो. गरम भजी घ्यायचो आणि तळ्याच्या काठाने खात खात चालायचो, कारण बसणं म्हणजे मला शिक्षा. काय दिवस होते! दुखणं होतंच, पण दिवस चांगले होते.

पहिल्या रात्री मी किंचाळले होते. तो ना चिडला ना घाबरला. "राहू दे," म्हणाला. शेवटपर्यंत तेच.

आणि मग एका दिवाळीत सासूबाईंनी मूल नाही म्हणून त्याचं दुसरं लग्न काढलं, तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "दोष माझ्यात आहे." मला न विचारता! किती भांडले मी त्याच्याशी. गावाने जन्मभर त्याला नाही नाही ते म्हटलं. ऑफिसात टोमणे, लग्नकार्यात कुजबुज. तो आपला हसायचा.

आता मी खरं सांगायचं, म्हणजे त्याने एवढं सोसून झाकलेलं उघडं करायचं. करू का?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला, भजनाचा सराव केला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

रविवार, १९ जानेवारी

कुंभारीच्या सत्यनारायणात इज्जत वाचली ती वन्संमुळे. मुकुंदची थोरली बहीण, विजयमाला. अक्कलकोटला दिली होती. मी या घरात यायच्या आधीच मुकुंद जाऊन एसटीने परत घेऊन आला. सासर वाईट होतं म्हणे, जास्त कुणी बोललं नाही. पुढं जन्मभर शाळेत गाणं शिकवलं. जिभेला धार आहे, पण आता मला सासरचं माणूस म्हणून तेवढ्याच उरल्यात. मीच नेलं होतं हातापाया पडून.

आम्ही तोंड उघडलं आणि ऋतुजाच्या सासऱ्यांचा चेहरा पडला. वन्संनी पेटी ओढली, सूर धरला, आम्ही नुसत्या मागे ओढत गेलो. प्रसादाचा शिरा मात्र उत्तम होता.

परतताना रिक्षात वन्सं म्हणाल्या, "चार वर्षं काय करता गं मंगळवारी? भजन नक्कीच नाही."

सांगून टाकलं. माझं दुखणं, मंडळ, तीस तारीख. सगळं. वन्सं बाहेर बघत होत्या. घर आलं तेव्हा म्हणाल्या, "मुकुंदने जन्मभर झाकलं ते तू चारचौघांत मांडणार? मांड. पण मग माझ्या दारात येऊ नकोस."



मंगळवार, २१ जानेवारी

ऋतुजाची सासू तिला कायमची माहेरी, करमाळ्याकडं, सोडायचं म्हणतेय. नवरा तिचा भला आहे, पण आईपुढं गप्प.

"ते म्हणत्यात, कुठं लिवलंय का दाखव, मग मी आईला सांगतो. डॉक्टर बी लई हायत, काकू. एक म्हणतो मनाचं हाय, एक म्हणतो पोर झालं की जाईल. मी काय दाखवू?"

काय दाखवणार? कुणी लिहिलंच नाही आपल्या बायकांचं. मला तरी काय होतं दाखवायला? मुकुंद होता. हिला तसा मिळेलच असं नाही, आणि का म्हणून प्रत्येकीला असा नवरा शोधत बसावं लागावं? आजच्या आज सई डॉक्टरला कळवलं. येते म्हणून.

बुधवार, २९ जानेवारी

उद्याची साडी काढून ठेवली. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

बोलले!

लांबलचक टेबल, पलीकडे सगळी डॉक्टर मंडळी. मऊ खुर्ची दिली, तरी मी उभीच राहिले. म्हटलं, मी उभी का आहे, तिथूनच सुरू करते. एक जण म्हणाले, "बाई, हे मानसिक नसेल कशावरून?" असा राग आला! म्हटलं, "साहेब, तुमच्या डोळ्यात तिखट गेलं तर ते मानसिक असतं का?" कोपऱ्यातल्या एक बाई डॉक्टर खाली बघून हसल्या.

मग विचारलं, मूल? मी म्हटलं, "नाही. आणि माझ्या नवऱ्यात काही दोष नव्हता. त्यांनी तो अंगावर घेतला. मला जपलं." हे मोठ्याने मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

मंजूर! एका वर्षासाठी. सई डॉक्टरने बाहेर येऊन मला मिठीच मारली. सोमवारपासून नावं नोंदवायची.

घरी यायच्या आधी एकटीच तळ्यापर्यंत चालत गेले. भजी घेतली. फार आठवण आली त्याची. शहाण्या, तुझं नाव धुऊन आणलं बघ मी आज.

शनिवार, १ फेब्रुवारी

वन्संना दोनदा फोन केला. उचलत नाहीत. कळलं असणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सई डॉक्टरचा फोन. दवाखाना उघडायच्या आधीच एक म्हातारी बाई पायरीशी उभी होती म्हणे. "विजयमाला नाव. म्हणाल्या, मी मुकुंदची बहीण. लग्न झाल्यापासून मलाही हेच आहे, म्हणूनच अक्कलकोटहून परत आणली मला. हे फक्त भावाला ठाऊक होतं. काकू, मी त्यांना औषधाचं सांगायला लागले तर म्हणाल्या, मला आता काय करायचंय उपचारांचं? तुमच्या मोजणीत एक बाई वाढेल."