चढावर बाह्या काढ

ता. ४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला कोट इथे सगळ्यांच्या डोळ्यांत भरलाय. घड्याळदुरुस्तीचं कामही मला मनापासून आवडतंय.

फक्त एक पंचाईत झालीय. दुकानाच्या वाटेवरचा चढ सायकलने चढेपर्यंत मी घामाने निथळते. उताराला तोच घाम इतका गार पडतो की बाकावर बसल्यावर बोटं थरथरतात. परवा कपाळावरचा थेंब उघड्या घड्याळात पडणार होता, मालकांनी मला वेळेवर मागे ओढलं. घड्याळात पाणी गेलं की गंज. ते ओरडले नाहीत, पण म्हणाले, हात चांगला आहे, तरी महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर दुसरं माणूस बघावं लागेल. इतक्या सकाळी बसही नसते. कोटाचा काही दोष नाही हं, माझं अंगच मेलं घामट!

काकांना नमस्कार. लोभ कोटासारखाच उबदार असू दे.

तुझी,
ठमी

ता. ११ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोटाला नावं ठेवायची नाहीत म्हणून स्वतःच्या अंगाला ठेवतेस होय, लबाड! काल मी काकांचा जाड कोट चढवला, त्यांचीच सायकल काढली आणि पाण्याच्या टाकीचा चढ गाठला. या वयात हे काय खूळ, म्हणून काका फाटकापर्यंत मागे आले. वर पोचले तेव्हा आतले कपडे पिळून काढावेत इतके ओले, आणि उतरताना दातावर दात. हे तू रोज करतेस, आणि वर मोहरीएवढे स्क्रू बसवतेस! पोरी, तुझं कौतुक करावं तेवढं थोडं. माझ्याच्याने पुन्हा व्हायचं नाही.

कोट लगेच परत पाठव, मला तो उसवायचाय. तोवर जुना पातळ स्वेटर घाल आणि निघताना थोडी कुडकुड. दारातच ऊब वाटली तर चढावर घाम ठरलेला. आत सुती नको, ओलं झालं की अंगाला चिकटून बसतं. पातळ लोकरीचं घाल. पिशवीत एक कोरडा सदरा ठेव.

काका अजून हसतायत. जपून राहा, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
मावशी

ता. ३० जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बटणांनी सुटणाऱ्या बाह्या! छाती जाड आणि पाठ पातळ! मावशी, हे तुला सुचलं तरी कसं? चढाच्या पायथ्याशी बाह्या काढून कॅरिअरला अडकवते, वर पोचले की पुन्हा लावते. दुकानात सदरा बदलून कोरडीठाक बसते.

पहिल्याच दिवशी मालकांनी कोट खुंटीवरून काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि तुझी शिवण टाका न् टाका तपासली. मग म्हणाले, या बाई घड्याळं शिकायला आल्या असत्या तर मी त्यांना सोडलं नसतं. मी उगाचच फुगले.

आणि आज त्यांनी आपल्या आईचं घड्याळ माझ्यासमोर उघडून ठेवलं. त्याला ते कुणालाही हात लावू देत नाहीत. आणि स्वतः जेवायला निघून गेले. माझं कपाळ कोरडं होतं, बोटं स्थिर होती. पण डोळ्यांतून थेंब पडेल या भीतीने मला आधी बाकापासून लांब जाऊन उभं राहावं लागलं.

कोटाच्या बाह्या सुटू देत, लोभ सुटू नये.

तुझी,
ठमी