शेवटचा डबा टॉर्डॉफला

रविवार, ४ जुलै १९८२
टेप पुन्हा ऐकली. गेल्या ऑक्टोबरची, कार्लाइलच्या वाटेवरची सेटलची चढण. पहिल्या डब्याच्या पहिल्या खिडकीत माझा मायक्रोफोन, पुढे डिझेल इंजिन, आणि मध्ये बर्नार्ड टॉर्डॉफचं डोकं. बावीस मिनिटांच्या चढणीत इंजिन साधारण चार मिनिटं ऐकू येतं. उरलेला वेळ टॉर्डॉफ अंड्याचं सँडविच खातो आहे. एकोणिसाव्या मिनिटाला विचारतो, "मीठ आहे का रे, क्लेमंट?" मी "आहे" म्हणतो. हेही टेपवर आहे.
मी सूडबुद्धीचा माणूस नाही. पण नऊ महिने झाले तरी राग ताजा आहे. सँडविचसुद्धा एवढं ताजं नव्हतं.

मंगळवार, ६ जुलै
आम्हा रेल्वेवेड्यांच्या डिझेल मंडळाची बैठक. दुःखद वार्ता: १५७ नंबरचं शिट्टीवालं इंजिन, जोर लावला की ज्याचं यंत्रच शिट्टी घालतं ते, सप्टेंबरअखेर भंगारात. तत्पूर्वी १८ सप्टेंबरला आपली सहल, हडर्सफील्डहून लीड्समार्गे कार्लाइल. लीड्सपर्यंत कुठलं तरी सामान्य इंजिन, तिथून १५७. ते कार्लाइललाच राहणार, परतीला पुन्हा सामान्य. म्हणजे त्याची शिट्टी चढणीवर टेप करण्याची ही एकमेव आणि अंतिम संधी.
जागावाटपाचं काम कुणालाच नको होतं. मी संकोचून पत्करलं. सचिव म्हणाले, सगडन, तुम्ही देवमाणूस आहात. प्रतिवाद केला नाही.

गुरुवार, २२ जुलै
जागांचा नकाशा सिद्ध. अकरा डबे, ए पासून के पर्यंत. डावीकडे इंजिन, शाईने रंगवलेलं, धुरासकट. ए डबा, पहिली खिडकी: सगडन. के डबा, अगदी टोकाचं आसन, संडासाला लागून: टॉर्डॉफ. इंजिनापासून अडीचशे यार्ड. तिथे शिट्टी पोहोचणार नाही. संडासात पाणी सोडल्याचा आवाज पोहोचेल.
रात्री झोप उत्तम.

रविवार, ८ ऑगस्ट
एनिडला नकाशा दाखवला. बायकोने निदान धुराचं कौतुक करावं, तर विणता विणता म्हणाली, चर्चच्या सहलीला आपण स्किप्टनला गेलो होतो ना रे, तेव्हा मी पुढे तोंड करून बसले होते, आणि लीड्सनंतर बघते तर पाठमोरी चालले आहे. डोकं गरगरलं. ते कशाने?
पित्ताने, असं सांगितलं. बत्तीस वर्षं रेल्वेचं अध्ययन केलेल्या माणसाला असले प्रश्न.

शुक्रवार, २७ ऑगस्ट
दाढी करताना एकदम सुचलं: टॉर्डॉफ चालत पुढे आला तर? त्याला लाज नाही, दोन पाय आहेत. तत्काळ नियम केला. "नियम ७. सहलभर कुणीही आपला डबा सोडून अन्य डब्यात जाणार नाही. अपवाद नाही." समितीने मंजूर केला. अंमलबजावणी मिसेस अ‍ॅकरॉइड यांच्याकडे. बाई शाळेच्या भोजनगृहात होत्या. तीनशे मुलांना बीट खायला लावलेलं आहे.
टॉर्डॉफला जागेचं पत्र टाकलं. सोबत नियम.

शुक्रवार, १७ सप्टेंबर
पत्राला अद्याप उत्तर नाही. खचला असणार.
नव्या बॅटऱ्या. दोन कोऱ्या कॅसेट. वारा लागू नये म्हणून मायक्रोफोनला एनिडचा लोकरी मोजा. मिठाची डबी मुद्दाम घरी ठेवतो आहे.

शनिवार, १८ सप्टेंबर, सकाळी ७.४०
हडर्सफील्ड. फलाटावर टॉर्डॉफ भेटला. हात सोडेना. म्हणाला, "लेका, ऑक्टोबरनंतर तू माझं तोंड बघणार नाहीस असं वाटलं होतं. आणि तू मला ही जागा दिलीस!" दुःखाने माणसाची बुद्धी फिरते ती अशी. मी म्हणालो, तुझी लायकी हीच आहे, बर्नार्ड. त्याचे डोळे भरून आले.
मला किंचित वाईट वाटलं. आवरलं.

८.३५
पहिल्या खिडकीत मी एकटा. पुढे इंजिन, मागे अकराव्या डब्यात शत्रू. परमसुख.

८.५२
लीड्स. सामान्य इंजिन सुटलं आणि गेलं. १५७ अजून येत नाही. मायक्रोफोन बाहेर धरून उभा आहे.

८.५८
शिट्टी ऐकू आली. बारीक. पाठीमागून.

९.०१
हडर्सफील्डची गाडी लीड्सला ज्या बाजूने आत येते, त्याच बाजूने कार्लाइलकडे बाहेर पडते. इंजिन दुसऱ्या टोकाला, म्हणजे के डब्याला लागतं. मला हे माहीत आहे. बत्तीस वर्षं माहीत आहे. नकाशात इंजिन फार सुबक आलं होतं, दुसरीकडे हलवायचा विचारच मनाला शिवला नाही.

९.०४
गाडी हलली. आतूनच के डब्याकडे धावलो. बी डब्याच्या दारात मिसेस अ‍ॅकरॉइड. "नियम सात, मिस्टर सगडन." म्हणालो, अहो बाई, नियम मीच केला आहे. "मग पाठ असेलच. बसा जागेवर."
बसलो.

१०.२५
चढण. कर्तव्य म्हणून टेप चालू ठेवली. आतापर्यंत: संडासाचं दार, नऊ वेळा. रिबलहेडच्या पुलावर गाडी वळली तेव्हा लांब पुढे १५७ दिसलं. त्याच्या मागच्या पहिल्या खिडकीतून एक हात बाहेर होता. माझ्याकडे बघून हलत होता.
वहीत १५७ अधोरेखित केलं. रेघ वाकडी आली.

११.५५
कार्लाइल. फलाटावर सचिवांचं भाषण. जागावाटप हाती असताना स्वतः मागे बसून जुन्या मित्राला पुढे बसवणारे सगडन, वगैरे. टाळ्या. मान लववली. दुसरं काय करणार? टाळ्या न वाजवणाऱ्या एकट्या मिसेस अ‍ॅकरॉइड. त्यांना सगळं कळलेलं आहे.

रात्री, घरी
परतीला माझा ए डबा इंजिनाला लागून. इंजिन सामान्य. आवाज स्वच्छ ऐकू आला.

शुक्रवार, २४ सप्टेंबर
टपालाने पुडकं. आत कॅसेट आणि टॉर्डॉफची चिठ्ठी: "क्लेमंट, तू खिडकी सोडलीस, म्हणून ही तुझ्यासाठी. चढणभर तोंडात काही घातलं नाही. चहासुद्धा नाही."
ऐकली. बावीस मिनिटं केवळ १५७. शिट्टी चढत जाते, वळणावर जरा दबते, मग शेवटच्या बोगद्यात सगळ्याच भिंती तिच्याबरोबर वाजू लागतात. माझ्या संग्रहातली सर्वोत्कृष्ट टेप टॉर्डॉफची आहे. दोष सापडावा म्हणून आणखी तीनदा ऐकली. खोकलासुद्धा नाही.
एनिड दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, अरे, बोलाव की त्याला जेवायला. रविवारी बोलावलं आहे.
मिठाची डबी लपवली.