मांडीवर न मावणारी गिटार

बेअर क्रीक, व्हर्जिनिया
८ सप्टेंबर १९७४

चि. रेव्हा हिस,
आयसीआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेला लोकरीचा कोट पोचला. बाह्या लांब आहेत, त्या आत दुमडून घेईन. इकडे सगळं ठीक आहे. तंबाखू कापून झाला, शेजारच्या कोयच्या गाईला जुळी झाली, आणि तुझ्या बापाचं डोकं फिरलं आहे.

झालं असं, की मंगळवारी तुझा बाप हार्लेस हातात एक पेटी घेऊन माझ्या ओसरीवर आला. मला वाटलं, आत फिडल असेल. उघडून पाहते तर गिटार! एवढीशी, कंबर बारीक, तोंडाचं बोळकं. आपली शिकारीची चांगली कुत्री देऊन तिच्या बदल्यात आणली म्हणे. का, तर माझा उजवा खांदा दुखतो, आणि माझी मोठी गिटार मला आता झेपत नाही असं त्यानं परस्पर ठरवलंय. मी म्हटलं, ती कुत्री हिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. कॉफी न पिता निघून गेला.

खांदा दुखतो हे खरं आहे. शहरातला डॉक्टर म्हणाला, सांधा झिजलाय, कोपर वर उचलून धरू नका. पण म्हणून गिटार लहान करायची? उद्या माझे पाय दुखले तर हा मला पोरांचे बूट आणून देईल.

तुला सांगायला नको, तरी सांगते. शनिवारी जुन्या शाळेच्या हॉलमध्ये सगळा डोंगर लाकडी जमिनीवर पाय आपटत असतो. आपल्याकडे ढोल नाही. कोयची फिडल वर भिरभिरते, तुझ्या बापाचा बँजो मध्ये खडखडतो, आणि या दोघांच्या पायाखालची जमीन धरून ठेवते ती माझी गिटार. तिचं पोट मोठं आहे म्हणून तिला खर्ज आहे. लहान गिटार गोड असते, मी नाही म्हणत नाही. घरात एकटीनं भजन वाजवायला छान. नाचाला ती नेणं म्हणजे वादळात शीळ घालणं. आणि मांडीवर घेतली की दुसऱ्याचं पोर घेऊन बसल्यासारखं वाटतं, रडेल म्हणून आपणच हळू वाजवायचं.

हार्लेसचं म्हणणं, एकवीस तारखेच्या नाचाला मी हीच वाजवावी. नाहीतर सुगीच्या नाचाला माझ्या जागी ओकली सायझमोर वाजवणार. आई गेल्यापासून ती जागा माझी आहे, रेव्हा. ती मी सोडणार नाही, आणि गिटारही सोडणार नाही.

माझ्यावर लोभ आहेच. तो पत्रात जरा सविस्तर दिसू दे.

तुझी,
आयसीआत्या


अ‍ॅक्रन, ओहायो
१४ सप्टेंबर १९७४

ती. आयसीआत्यास,
बालके रेव्हाचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्यात टायर तपासताना तुझं पत्र आठवून हसले, तर मुकादम म्हणाला, टायरमध्ये एवढं हसण्यासारखं काय सापडलं?

आत्या, मी सगळी तुझ्या बाजूची आहे. इथं शुक्रवारी आपल्याकडचीच चार माणसं जमून वाजवतो. कुठे, ते बाबांना सांगू नकोस, तिथं बिअर मिळते. एकदा माझी तार तुटली आणि मी कुणाचीतरी लहान गिटार उसनी घेतली. दोन गाणी झाल्यावर पुढच्याच टेबलावरच्या माणसानं मला विचारलं, बाई, तुम्ही कधी सुरू करणार?

तरी बाबांशी भांडू नकोस. त्यांनी कुत्री दिली म्हणजे जीवच दिला. एकवीसला ती चिमणी वाजव. मनापासून वाजव, हं, मुद्दाम तिचा आवाज मारू नकोस. काय ते नाचणाऱ्यांचे पाय सांगतील.

खांद्याला शेकत जा. माझी आठवण ठेव, आणि सफरचंदाचा मुरंबा करशील तेव्हा तर नक्कीच ठेव.

तुझी लाडकी,
रेव्हा


बेअर क्रीक
२३ सप्टेंबर १९७४

चि. रेव्हास,
बाबांचे अ. आ. वि. वि.

तुझी आत्या तुला सगळं लिहिते हे मला ठाऊक आहे, म्हणून माझीही बाजू लिहितो.

आयसीला गिटार दिल्यावर, नाचाच्या आधी, आम्ही ती आमच्या स्वयंपाकघरात वाजवून पाहिली होती. कॉफी पीत, टेबलाभोवती बसून. कोय म्हणाला, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मलाही आवडली. नाचाची गिटार स्वयंपाकघरात पारखली, याला काय म्हणायचं ते तूच म्हण. आयसी तेव्हाच म्हणाली होती की इथं नाचणारं कोण आहे, मांजर?

शनिवारी तिनं वाजवली. कुचराई केली नाही, मी शेजारीच होतो. पण लोक नाचू लागले तशी ती गिटार बुडाली. खाली काही धरायला नाही, म्हणून माझा बँजो उधळला. कोय मला गाठायला धावला. मागच्या रांगा निम्म्या ठेक्यावर, पुढच्या दुप्पट. सगळ्यांचे पाय एकमेकांत गेले आणि अख्खा हॉल हसत उभा राहिला. म्हातारी मिसेस फेल्ट्स मला विचारून गेली की आज आयसीला बरं नव्हतं का, तिचा आवाजच आला नाही.

तेव्हा मोठीच गिटार हवी, हे मी मान्य करतो. आयसीसमोरही केलं. पण ती वाजवायला खांदा हवा. मी रोज पाहतो, ती कॉफीची किटली डाव्या हातानं उचलते. मोठी गिटार घेऊन बसली की तिसऱ्या गाण्याला तिचे ओठ पांढरे पडतात. म्हणून मी ओकलीला बारा ऑक्टोबरला, सुगीच्या नाचाला, यायला सांगितलं आहे. त्याच्याकडे मोठी गिटार आहे आणि तो स्वतः दारात मावत नाही. तू तिची समजूत घाल. माझं ती ऐकत नाही, साठ वर्षांत कधी ऐकलं नाही.

आमच्यावर माया असू दे. बाबांना चूक ठरवायची घाई नको.

तुझा,
बाबा


बेअर क्रीक
२९ सप्टेंबर १९७४

चि. रेव्हास,
आत्याचे अ. आ. वि. वि.

हे पत्र छोटं आहे, कारण हात दुखतो आणि डोकं तापलंय.

मी जिंकले आणि बाहेर पडले! गिटार मोठीच राहणार, आणि मी घरी बसणार. तुझा बाप हे सगळं इतक्या मायेनं सांगतो, की त्याच्या डोक्यात भांडंही घालता येत नाही. लहान गिटार मी कोयच्या नातीला देऊन टाकली. पोरगी खूश आहे, तिच्या मांडीला ती बरोबर बसते.

मला ओकलीचा राग नाही. बरा वाजवतो, जरा रेंगाळतो. पण मी काल खुर्चीत बसून माझी गिटार घेतली आणि तासभर वाजवली. आवाज तोच, मी तीच. फक्त तिच्या खांद्यावरून हात टाकला की माझा खांदा कानाला लागतो. डॉक्टरांनी नको म्हटलं ते नेमकं तेच. यावर काही सुचत असेल तर कळव. समजूत मात्र घालू नकोस, ती घालायला इथं एक माणूस आहे.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, सध्या मला तो लागणार आहे.

तुझी,
आयसीआत्या


अ‍ॅक्रन
३ ऑक्टोबर १९७४

ती. आयसीआत्यास,
रेव्हाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि माझी गिटार घेऊन खुर्चीत बसले. बऱ्याच दिवसांनी बसले. बसल्याबरोबर माझाही खांदा वर गेला.

आत्या, तू उभी का राहत नाहीस?

आम्ही वाजवतो तिथं खुर्च्यांना जागाच नसते, म्हणून मी उभी राहायला लागले. डाव्या खांद्यावरून पट्टा टाकायचा आणि लांब सोडायचा. गिटार पोटाच्या खाली जाते, उजवं कोपर आपोआप पडतं. माझी गिटार तुझ्याच मापाची आहे आणि मी तुझ्याहून बारीक आहे, तरी चार तास वाजवते. डॉक्टर गिटार सोड म्हणाले नव्हते, कोपर उचलू नको म्हणाले होते.

तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. आजी म्हणायची की स्टेजवर बाई बसून वाजवते, उभी राहते ती तंबूच्या खेळातली. बाबा उभे, कोय उभा, आणि तू त्यांच्या मागे खुर्चीत. मी लहानपणापासून तेच पाहिलं, मलाही कधी खटकलं नाही. पण आजीची गिटार लहान होती, आत्या. तिला बसणं परवडलं. तुझी गिटार बसून वाजवायची नाहीच.

सोबत पट्टा पाठवते आहे. गिटारच्या मागच्या बटणाला अडकव आणि दुसरं टोक वर तिच्या मानेपाशी बांध. आधी गोठ्यात उभी राहून पाहा, गाई काही बोलणार नाहीत.

तुझ्या आशीर्वादाची आणि उलट टपालाची वाट पाहते.

तुझी,
रेव्हा


बेअर क्रीक
१३ ऑक्टोबर १९७४

चि. रेव्हास,
बाबांचे अ. आ. वि. वि.

आयसी म्हणते तिचं तिला लिहायचं नाही, मी लिहावं. हे शिक्षा म्हणून चाललंय.

आठवडाभर तिच्या गोठ्यातून गिटार ऐकू येत होती. मी विचारलं तर म्हणाली, गाईंना आवडतं. काल संध्याकाळी हॉलमध्ये आली, खुर्चीवर आपला कोट ठेवला, आणि माझ्या न् कोयच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी हळूच म्हटलं, आई असती तर काय म्हणाली असती? ती म्हणाली, आई असती तर म्हणाली असती की मागे बसून तिलाही कधी काही दिसलं नाही, सरक. मी सरकलो. मायक्रोफोन एकच आहे, तोही सरकवावा लागला. ही युक्ती तुझी, असं तिनं सांगितलं. तू कुठे उभी राहून वाजवतेस ते मी विचारत नाही.

रेव्हा, इतकी वर्षं ती गिटार माझ्या पाठीमागे वाजली. काल पहिल्यांदा शेजारी वाजली. खर्जाची तार लागली की माझ्या शर्टाची बटणं थरथरत होती. बँजो उधळायचा प्रश्नच नव्हता, जाणार कुठे? लोक असे नाचले की खिडक्या वाजत होत्या. मी तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवून होतो. तिसरं गाणं झालं, सहावं झालं, ओठ लालच. मधे तर तिनं ओरडून मला सांगितलं की माझी मधली तार उतरली आहे. उतरली होती.

ओकली मी बोलावल्याप्रमाणे गिटार घेऊन आला होता. दाराशी उभा राहून त्यानं दोन गाणी ऐकली. मग पेटी कोटांच्या ढिगाखाली सारली आणि मिसेस फेल्ट्सना नाचायला घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, हार्लेस, तू मला नेमकं कशासाठी बोलावलंस? मी म्हटलं, केक खायला.

आमच्यात पुढचं गाणं कोणतं आणि ते कधी सुरू करायचं, हे नेहमी मी ठरवतो. बाकीचे माझ्या बँजोकडे बघत थांबतात. शेवटच्या फेरीआधी मी आयसीकडे वळलो. बोलायचं होतं. ओकलीला बोलावलं ते चुकलं, एवढंच. त्याआधी घाम पुसायला रुमाल काढला, तेवढ्यात तिनं खर्ज छेडला आणि गाणं सुरू केलं. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. कोय तिच्या मागे गेला, सगळा हॉल तिच्या मागे गेला. मी रुमाल खिशात कोंबला आणि तिला गाठायला धावलो.

बोटं दुखताहेत, म्हणून पुरे करतो. आम्हा दोघांवरही लोभ राहू दे, आज मला तिच्याइतकाच हवा आहे.

तुझा,
बाबा