रिंग दिली की मोटार चालू

॥ श्री ॥

माळवाडी, पो. पिंपळवंडी, ता. जुन्नर
७ जानेवारी २००८

चि. आरतीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तू दिवाळीला दिलेला मोबाइल अगदी सुखरूप आहे. त्याला ऊन लागत नाही, धूळ बसत नाही, तुझ्या मामीने तर हळदीकुंकूही वाहिलं. फक्त घरात रेंज येत नाही, म्हणून उचलणं होत नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

मोठी बातमी म्हणजे मी ग्रामपंचायतीला उभा आहे. तिसऱ्यांदा. मामी म्हणते, आता पडलात तर पुन्हा घरातसुद्धा मत मागायचं न्हाई. समोर कोण, तर चांगदेव! तुला लहानपणी लेमनच्या गोळ्या देणारा दुकानवाला. दोन्ही पॅनेलच्या पुढाऱ्यांनी आळेफाट्याला एकत्र बसून मटण हाणलं आणि इथे आम्हा दोघांना एकमेकांवर सोडलं. मला चिन्ह टेलिफोन, त्याला कपबशी. आम्ही आपसात ठरवलंय, दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढायची आणि संध्याकाळचा चहा त्याच्याच दुकानात प्यायचा. फ्लेक्सवर पोरांनी मला इतकं गोरं केलंय की मामीने विचारलं, हे पावणं कुठलं?

आणखी एक सुधारणा झाली. गेणभाऊ वायरमनने नदीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक मोबाइल बसवून दिला आहे. रिंग दिली की मोटार चालू, पुन्हा दिली की बंद. मी चांगदेवच्या दुकानातल्या रुपया टाकायच्या फोनच्या डब्यावरून रिंग देतो. मोटार काही हॅलो म्हणत नाही, त्यामुळे रुपया परत बाहेर येतो. चांगदेव वैतागतो. म्हणतो, राव, तुमच्या कांद्याला पाणी आन् माझा डबा कोरडा. कटकट एकच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी मोटार आपोआप सुरू होते आणि नव्या लागणीत पाणी तुंबतं. भूत म्हणावं, तर भुताला शेतीची इतकी हौस कशाला?

अक्काला नमस्कार सांग. माया आहेच, तिला रेंज लागत नाही.

तुझा,
हौशीराममामा


पुणे
१४ जानेवारी २००८

ती. स्व. मामांस आरतीचा सा. न. वि. वि.

तिळगूळ घ्या आणि गोड बोला, म्हणजे निदान बोला तरी. रेंजचं कारण मला पटलेलं नाही. रिंग पूर्ण जाते. ऑफिस सुटलं की मी स्टॉपवर उभी राहून तुम्हाला फोन लावते. वाटतं, आज उचलतील. नव्या कामात सारख्या चुका होतात, साहेब सगळ्यांसमोर बोलतो, रडू येतं. तुमचा एक टोमणा ऐकला असता तर बरं वाटलं असतं. आईपुढे हे बोलले तर ती मला घरी बसवेल.

असो. तुमच्या प्रचाराचं मी मनावर घेतलंय. ऑर्कुट म्हणजे संगणकावरचा पार समजा. सगळे बसलेले, सगळ्यांना सगळं कळतं आणि उठून काम कुणीच करत नाही. तिथे 'आमचे हौशीराममामा' असा गट काढलाय. पुण्या-मुंबईला असलेली आपल्याकडची सत्तरएक पोरं आत आली. सार्थक नावाचा एकजण रोज देशाचं राजकारण सुधारतो. त्याला विचारलं, तुझा वॉर्ड कोणता, तर दोन दिवस गायब! पण तुमच्या फ्लेक्सचा फोटो टाकल्यापासून सगळे खूश आहेत. अश्विनी नावाच्या मुलीने विचारलंय, मामा कोणती क्रीम लावतात?

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा फोन हातात धरून बसा. रेंज नसेल तर झाडावर चढा. एक गंमत आहे, आत्ता सांगत नाही.

मामींना नमस्कार. राग नाकावर आहे, लोभ त्याच्या खाली आहे.

तुमची,
आरती


माळवाडी
२३ जानेवारी २००८

चि. आरतीस आशीर्वाद.

तुझी गंमत पोचली. फार आनंद झाला. अशीच करत जा.

आता ऐक. त्याच रविवारी माझा घात झाला. सकाळी दहाला मोटार सुरू झाली. धावत नदीवर गेलो, तर बंद. घराकडे वळलो, तर चालू. पुन्हा गेलो, बंद. तासभर मी बांधावरून शिवणापाणी खेळल्यासारखा पळत होतो. शेवटी फ्यूज काढला, तोवर वाफ्यांचं तळं झालं होतं. अर्धा कांदा गेला. मामी पाण्यात उभी राहून मला बोलत होती आणि मी ऐकून घेत होतो.

मोटारीचा नंबर मी, गेणभाऊ आणि ज्याच्या डब्यावरून फिरवतो तो चांगदेव, एवढ्यांनाच माहीत. गेणभाऊ त्या दिवशी मंचरला लग्नात होता. मग राहिलं कोण? काल देवळापुढच्या सभेत माइक घेतला आणि सरळ नाव घेऊन सांगितलं की चांगदेवने रिंगा देऊन माझा कांदा बुडवला. शेजाऱ्याच्या रानावर उठलेला माणूस गावाचं काय भलं करणार? टाळ्या पडल्या. पॅनेलवाले म्हणतात, आता सीट निघाली.

चांगदेव मागेच उभा होता. आज सकाळी त्याने रुपयाचा डबा काढून पोत्यात घातला आणि दुकान बंद ठेवलं. आमचे वडील गेले त्या साली याच्याच बैलांनी आमचं रान नांगरलं होतं. माणूस इतका बदलतो, हे मला माहीत नव्हतं. निवडून येईन असं दिसतंय, पण चहा कुठे प्यायचा ते कळत नाही.

तूच काय ती आपली, असं धरून चाललोय.

हौशीराममामा


पुणे
२८ जानेवारी २००८

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि घाम फुटला.

माझी गंमत तुम्हाला पोचली, असं तुम्ही लिहिलंत. काय होती ती? मी ऑर्कुटवर तुमचा नंबर देऊन सगळ्यांना लिहिलं होतं की रविवारी दहा ते बारा मामांना फोन करून शुभेच्छा द्या. एकसष्ट जणांनी फोन केला. सगळ्यांची तक्रार एकच, मामा उचलत नाहीत. मामा, खरं सांगा, गेणभाऊंनी स्टार्टरमध्ये बसवलेला तो मोबाइल कोणाचा?

संध्याकाळचं भूतही मीच असणार. स्टॉपवरून आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझा फोन असतोच. म्हणजे इकडे मी रडवेली होऊन रिंग द्यायची आणि तिकडे कांद्याला पाणी सुटायचं! परवाही मी दोनदा लावला होता. रागवायचं की हसायचं ते ठरत नाहीये. भेट मोटारीला दिलीत याचं वाईट वाटलं, अगदी खरं सांगते. पण त्याहून वाईट चांगदेवमामांचं वाटतं. मतदानाला तेरा दिवस आहेत. खरं बोललात तर पडाल, हे मला कळतं. तरी बोला.

आज फोन लावत नाही, उरलेला कांदा जगू दे.

आरती


माळवाडी
१२ फेब्रुवारी २००८

चि. आरतीस मामाचे कान धरून आशीर्वाद.

होय, तुझाच. घरी ठेवला असता तर फक्त बडबडला असता, रानात निदान कामाला येईल, असं माझ्या डोक्यात आलं. तुला कळवायची लाज वाटली म्हणून रेंजवर ढकललं. तुझं पत्र आलं तसा गेणभाऊला घेऊन नदीवर गेलो. त्याने फोन बाहेर काढून कोणाकोणाचे आले ते दाखवलं. खाली रविवारचे अनोळखी नंबर, आणि वर तू दिवाळीला स्वतः भरून दिलेलं नाव. आरती. आरती. पोरी, मला डोळ्यांपुढे दिसेना. कोणी आपल्याला इतक्यांदा हाक मारतं आणि आपण मोटार लावून बसतो!

शेवटच्या सभेत मी माइकवर सगळं सांगितलं. चांगदेवचा काही दोष नाही, मोटार माझ्या भाचीने आणि पुण्या-मुंबईच्या पोरांनी चालवली, मी भर सभेत खोटं बोललो, त्याची माफी मागतो. पॅनेलवाल्यांनी माइकची वायर ओढली. मग तसाच ओरडून सांगितलं. लोक इतके हसले की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कुशाबाईंना ठसका लागला. चांगदेव हसला नाही. तंबाखू मळत बसला आणि उठताना म्हणाला, च्या प्यायला येत जा, डबा उद्या लावतो.

काल मोजणी झाली. मला दोनशे अकरा, त्याला दोनशे बारा. एका मताने पडलो. गुलाल त्याच्या अंगावर पडला, त्यातला निम्मा त्याने माझ्या टोपीवर झाडला. आमच्या पॅनेलमध्ये आता फुटलेलं मत कोणाचं याचा शोध चाललाय. मामीवर सगळ्यांचा संशय आहे, ती देवाच्या शपथा घेतेय. मीही सगळ्यांबरोबर शोधतोय.

मोबाइल आता घरात, देवाच्या कोनाड्यात आहे. मोटार पायी जाऊन चालू करतो. रोज सातला त्याच्यापुढे बसतो. साहेब काय बोलला ते सगळं सांग, टोमणे तयार ठेवलेत.

तरी हे पत्रच लिहितोय, कारण मामी शेजारी असताना फोनवर सांगण्यासारखं नाही. फुटलेलं मत माझं आहे. कपबशी समोर दिसली आणि हात तिकडेच गेला.

फाडून टाक. लोभ मात्र ठेव.

तुझा पडलेला,
हौशीराममामा